दातांनी चिरलेल्या फोका

सिबेक्यू, अ‍ॅरिझोना
३ मार्च १९६८

धाकटे लेनोरा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत. तू आणि तुझी मुलं बरी असाल.

नाताळचं कार्ड मिळालं. त्यावरचं बर्फातलं घर मी खिडकीच्या फटीवर चिकटवलं आहे, त्यानं वाराही अडतो आणि बघायलाही बरं वाटतं. इथं खरा बर्फ या वर्षी खूप पडला. डोंगरावरचा अजून वितळतोय, त्यामुळे ओढ्याला पाणी चांगलं आहे आणि काठावरची वाळुंजाची झुडपं लाल व्हायला लागली आहेत. चर्चवाल्या बाईंनी जुन्या मासिकांचा गठ्ठा दिला, तो वाचून संपला. आता मी डब्यांवरचे कागद वाचते. पूर्वी भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्रांवरून मी वाचायला शिकले, तेव्हा तू हसायचीस की इमोजीनला बातमी पुरी करायला पलंग सरकवावा लागतो. ते दिवस मला अधूनमधून आठवतात.

व्हर्ना बरी आहे. जावईही बरा असावा. सासू-जावयाच्या रीतीप्रमाणे त्याचं तोंड मी बघत नाही आणि तो माझं बघत नाही, पण लाकडं वेळेवर येतात. रस्त्यावरून तो ट्रकचा भोंगा वाजवतो, मी आत जाते आणि तो कुंपणापाशी ढीग टाकून जातो. परवा भोंगा ऐकू आला नाही आणि मी अंगणातच होते. बिचारा घाईघाईनं ट्रकच्या चाकामागे जाऊन बसला. एवढा मोठा माणूस, टोपीसकट दिसत होता. मी न बघितल्यासारखं करून सावकाश आत गेले.

आता मोठी बातमी. व्हर्नाची ट्विला जानेवारीत मोठी झाली. तिचा नाच जुलैत धरायचा ठरलाय. व्हर्ना आणि तिचा नवरा पहाटेच कॅरिझोला गेले आणि तिथल्या एका बाईच्या पायावर गरुडाचं पीस ठेवलं. तिनं ते उचललं. म्हणजे पोरीला आता धर्माची आई मिळाली, आणि बाई चांगली दणकट आहे, पोरीबरोबर दिवसभर नाचू शकेल. गाणारा म्हातारा तोच, आपल्या वेळचा. हरणाचं कातडं मिळालं. तिच्या हातातल्या काठीला बांधायची घुंगरं मिळाली. पोरीच्या डोक्यावर मका आणि खाऊच्या गोळ्या ओतायच्या त्या टोपलीचं काय, असं कुणी विचारलंही नाही. आजी विणते म्हटल्यावर विचारायचं काय? ती सुरू आहे.

नोव्हेंबरात तू आली नाहीस. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. कारखान्यातून सुट्टी मिळत नाही हे मला कळतं.

माझी तब्येत ठीक आहे. हल्ली मऊ खाते, ओकच्या बियांचं कालवण आणि त्यात बुडवून भाकरी. बाकी काही नाही.

तुझे दात कसे आहेत गं? समोरचे सगळे आहेत का? लिहून कळव.

इमोजीन

*

सिबेक्यू
२८ एप्रिल १९६८

लेनोरा,

तुझं पत्र आलं. नऊ वर्षांनी तुला पत्र लिहायचं आणि त्यात दातांची चौकशी करायची, हे मला शोभलं नाही हे खरं आहे. "माझे दात घोड्यासारखे आहेत, पण तुला ते कशाला पाहिजेत?" असं तू विचारलंस. ते वाचून मी हसले आणि मग पत्र बाजूला ठेवून दिलं. इतके दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल.

माझे दात गेले. सगळे. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात काढले आणि एक कवळी दिली. ती बसते ठीक, पण वाळुंजाची फोक चिरायला घेतली की फोकेबरोबर तीच बाहेर येते. एकदा तर थेट भिजवणाच्या पातेल्यात पडली. सुरीनं करून बघितलं. तुला माहीत आहे, सुरी फोकेचं ऐकत नाही, स्वतःच्या वाटेनं जाते. दोन हातांत दोन भाग आणि तिसरा दातांत, तेव्हाच ती सरळ शेवटपर्यंत उकलते. आईनं शिकवलं तेव्हा आपण दोघी ओठ फाटून रडायचो. तू कमी रडायचीस.

पण समोरचे दात जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तू शहरात गेलीस त्याच्या आदल्या हिवाळ्यातच ते गेले होते. मग मागच्या वर्षापर्यंत माझ्या टोपल्या कशा होत होत्या, हे इथं कुणालाही विचार. म्हणतील, इमोजीनचे कडेचे दात होते ना, त्यावर चालायचं. मीच तसं सांगत आले. तुला विचारलं तर तू दुसरं सांगशील. कारण तू एकदा न सांगता दार उघडून आत आली होतीस.

खिडकीवर घोंगडी टाकलेली होती आणि तुझे भाऊजी जमिनीवर बसले होते, तोंडात फोक धरून. सगळ्या गुराख्यांत त्यांच्याइतका चांगला दोर टाकणारा नव्हता. ते त्या दिवशी लाल झालेले मी बघितले. आणि तू गप्प बसली असतीस तर तू लेनोरा कसली. रविवारी सगळ्यांसमोर म्हणालीस, "आमच्या ताईच्या घरी नवरा टोपल्या विणतो आणि ती बसून खाते." लोक इतके हसले. नंतर महिन्याभरात तू गेलीस आणि मी निरोप द्यायला आले नाही.

हे सगळं आता उकरते आहे ते भांडायला नाही. त्यांनी माझ्यासाठी किती फोका चिरल्या ते जगात फक्त तुला माहीत आहे. बाकीच्यांना ती तुझी थट्टा वाटली. दुसरं कुणी नाही मला लिहायला.

ऐक. मागच्या शरदात ट्विलाकडे बघून त्यांनी ओळखलं की पोर आता मोठी होणार. सांगितलं नाही, नुसते ओढ्यावर जाऊन फोका तोडून आणल्या, गुरं खाली आणायच्या आधी चिरून ठेवल्या, वेटोळी करून चरबीच्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि डबा वर आढ्याला ठेवला. कॉफीचा एक डबा कापून पत्र्याची छोटी घुंगरंही वळून ठेवली, टोपलीच्या झालरीच्या टोकाला लावायची. मग नोव्हेंबरात छाती भरली आणि गेले.

त्यांच्या मागे बर्निस वन्सं आल्या, बरोबर त्यांचे मुलगे. तुला माहीतच आहे काय करतात. खोगीर त्यांच्याबरोबर मातीत गेलं. बिछाना, कपडे, कप, वस्तरा, सगळं बाहेर नेऊन जाळलं. घर झाडलं, जुनिपरच्या पाल्याचा धूर केला. गेलेल्याचं काही मागं ठेवलं की तो ते घ्यायला येतो आणि येताना आजार आणतो, हे काय आपल्याला शिकवायला हवं? शेवटी वन्संनी दारात उभं राहून विचारलं, "आणखी काही आहे का त्याचं?" मी म्हटलं, "नाही."

डबा आढ्यालाच होता.

त्या फोका त्यांच्या दातांतून गेल्या होत्या. त्यांच्या टोपीपेक्षाही त्या जास्त त्यांच्या. पण द्यायच्या तर सांगावं लागलं असतं की या त्यांनी चिरल्या, आणि कुणाला सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता. पुरलेल्या माणसाला पुन्हा सगळ्यांनी हसावं, हे मला नको होतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आणि मार्च लागताच मी त्याच फोकांनी ट्विलाची टोपली सुरू केली. दुसऱ्या नव्हत्याच माझ्याकडे. चार बोटं उंच झाली आहे. छान होते आहे, वाघनखीच्या शेंगांच्या काळ्या पट्ट्या नीट बसल्या आहेत. व्हर्नानं बघितली आणि म्हणाली, "आई, तुझा हात अजून तसाच आहे गं." ट्विला रोज शाळेतून येऊन तिच्यात हात घालून बघते, किती झाली म्हणून.

आता ट्विला आजारी आहे. तीन आठवडे ताप येतो आणि जातो. झोपेत उठून बसते. म्हणते, कुणीतरी दाराशी उभं आहे आणि वर बघतंय. कोण ते ती सांगत नाही, नाव घ्यायचं नसतं एवढं तिला कळतं. पण मला कळलं. व्हर्ना गाणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली होती. त्यानं विचारलं, "तुझ्या आईच्या घरात त्याचं काही राहिलंय का?" व्हर्नानं मला विचारलं आणि मी चुलीकडे वळले, लेनोरा. पोटच्या मुलीला मी उत्तर दिलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही, गेलेल्या बापाविषयी दोनदा विचारत नाहीत. तिला वाटलं मी दुःखात आहे. आपल्यात हे असंच होतं, मानानं सगळे गप्प राहतात आणि त्या गप्पपणात एखादी गोष्ट वाढत बसते.

उद्या सकाळी डबा आणि ती अर्धी टोपली घेऊन मी बर्निस वन्संकडे जाते आहे. हे तुला आधी लिहून टाकलं की परत फिरता येणार नाही, म्हणून आज लिहिते आहे.

या पत्राबरोबर बसनं एक गठ्ठा पाठवते. परवा मी स्वतः ओढ्यावर जाऊन तोडलेल्या वाळुंजाच्या फोका आहेत, ओल्या पोत्यात गुंडाळल्या आहेत. थोडी पानं फुटायला लागली होती, पण सावलीतल्या बघून घेतल्या. त्या कुणाच्याही नाहीत, फक्त माझ्या हातच्या. इथं कुणाला चिरता येत नाही. वन्संचे दात माझ्याआधी गेले. व्हर्नाला धीर नाही. तुला हातसवय राहिली नसेल, ओठ फाटतील. तरी चिरशील का? आईनं शिकवलं तशा, तीन भाग. आतला गर काढून टाक.

नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही. पण लवकर कळव. टोपलीशिवाय पोर उभी राहील हे मला बघवणार नाही, आणि त्या टोपलीसकट तर मी तिला उभी राहू देणारच नाही.

इमोजीन

*

सिबेक्यू
२९ जुलै १९६८

धाकटे,

मेमध्ये पार्सलची पोच म्हणून दोन ओळी टाकल्या होत्या, तेवढंच. टोपली हातात असताना मला दुसरं काही सुचत नाही. आता नाच झाला, पाहुणे गेले, मांडवाची लाकडं जावई आज नेतो आहे, भोंगा मघाशीच वाजला. मी आत बसून लिहिते आहे. फोटो कुणाला काढू दिले नाहीत आणि तुला तर सुट्टी मिळाली नाही, म्हणून सगळं सांगते.

पहिल्यांदा वन्संकडचं.

मी गेले तेव्हा त्या अंगणात मका दळत होत्या. माझ्या हातातला डबा बघूनच त्यांनी ओळखलं की काहीतरी आहे. म्हणाल्या, "तिथंच ठेव. घराजवळ आणू नकोस." मी बाभळीखाली ठेवला आणि सांगितलं की हे त्यांचं आहे, मी लपवलं होतं. त्या मला खूप बोलल्या. पोरीच्या अंगावर आणलंस, या दिवसांत पोरीला कशाचीही बाधा किती चटकन होते तुला कळत नाही का, शहाणी म्हणवतेस, कागद वाचतेस. मी ऐकून घेतलं. खोटं त्यात काहीच नव्हतं.

मग त्यांनी काठीनं झाकण उडवलं आणि आत बघितलं.

"या तर फोका आहेत. तुझ्या आहेत या."

"चिरल्या त्यांनी."

"कुणी?"

"वन्सं, माझे दात कधीच गेलेत. नऊ वर्षं तेच चिरत होते."

मला वाटलं आता भावाची लाज वाटली यांना. काठीच्या टोकावर त्यांनी एक वेटोळं उचललं, उन्हात धरलं, डोळे बारीक केले. एका टोकाला दोऱ्याएवढी आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढी.

"ही फोक आहे का कुंपणाचा खांब?" त्या म्हणाल्या.

त्यांनी वेटोळं परत डब्यात टाकलं.

"आणि असल्या फोकांनी तू विणायचीस? तुझ्या टोपल्या तर..."

"ते गुरांमागे गेले की सुरीनं तासून घ्यायची. सगळ्या."

"त्याला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे नऊ वर्षं त्याला वाटत होतं..."

"हो. एकदा म्हणाले, तुझ्या आईपेक्षा माझी बारीक निघते."

लेनोरा, बर्निस वन्सं हसल्या. तू त्यांना हसताना बघितलंयस का कधी? मी लग्न होऊन आल्यापासून नव्हतं बघितलं. काठी खाली पडली, डोक्याचा रुमाल सुटला, त्या दळणाच्या दगडाला धरून हसत होत्या, आणि मीही. आमच्या दोघींच्या कवळ्या हलत होत्या. मग त्यांचं हसणं तिथंच रडणं झालं. रडताना म्हणाल्या, "लहानपणी दोराची गाठही नीट मारायचा नाही. मी सोडवून पुन्हा मारायची. त्याला कधी सांगितलं नाही." आम्ही त्या दिवशी त्यांच्याबद्दल जेवढं बोललो तेवढं गेल्यापासून कुणी बोललं नव्हतं. नाव नाही घेतलं. त्याची गरजही पडली नाही.

ओढ्याच्या कोरड्या अंगाला नेऊन आम्ही जाळलं. डबा, फोका, घुंगरं आणि ती चार बोटं टोपली. वाळुंज फार लवकर जळतं. काळ्या पट्ट्या थोडा वेळ राहिल्या, वाघनखी कडक असते ना, मग त्याही गेल्या. म्हातारा आला, त्यानं आम्हा दोघींना आणि ट्विलाला धूर दिला, थोडं गायला. ट्विलाला व्हर्ना दवाखान्यातही घेऊन गेली. तिथला डॉक्टर म्हणाला, कान पिकला होता, औषध दिलं. म्हातारा म्हणाला, जे न्यायचं होतं ते नेलं, आता येणार नाही. ट्विला म्हणाली, आजी, मला आता छान झोप लागते. मला तिचं पुरे. बाकी दोघांनी आपसांत ठरवावं.

आता जे एप्रिलमध्ये लिहिलं नव्हतं ते लिहिते. वन्संनाही हे सांगितलं नाही.

मी डबा ठेवला तो शब्द दिला म्हणून नव्हे. त्यांना कुणी हसू नये म्हणूनही नव्हे. हसले असते तर आम्ही दोघीही हसलो असतो, हे आता कळलंच. मी तो ठेवला कारण गेलेलं माणूस आपली वस्तू घ्यायला परत येतं असं आपण म्हणतो. लोक ज्याला घाबरतात त्याची मी वाट बघत होते. सगळा हिवाळा मी आढ्याकडे बघत पडायची आणि म्हणायची, या, घेऊन जा, पण या. माझ्याकडे कुणी आलं नाही. कधी पाऊलही वाजलं नाही. आणि मग पोर सांगायला लागली की दाराशी कुणी उभं आहे. मी एवढं बोलावलं आणि ते तिच्याकडे आले. नाहीतर ते आलेच नसतील आणि तो नुसता कान असेल. काहीही असो, त्या तीन आठवड्यांत मला समजलं की मी काय मागत होते आणि त्याची किंमत कुणाच्या अंगावर पडणार होती. डबा जळला तेव्हा मला वाटलं होतं की आता मी कोसळेन. तसं झालं नाही. घरी येऊन भाकरी केली आणि दोन खाल्ल्या.

तुझं पार्सल आलं त्या दिवशी व्हर्ना इथं होती. टॉवेल सोडला आणि आम्ही दोघींनी एकेक फोक उजेडाला धरली. सगळ्या सारख्या, गवताच्या पात्यासारख्या, शेवटपर्यंत. मी एक पाण्यात टाकली आणि बोटाभोवती गुंडाळली, कुठं तडकली नाही. तू लिहिलं होतंस की पहिल्या दहा-बारा वाया गेल्या, ओठ फाटला आणि कारखान्यात सगळे विचारत होते की नवऱ्यानं मारलं का. आणि शेजारची मेक्सिकन बाई कॉफी घेऊन रोज बघायला बसते, आता तिलाही शिकायचंय. शिकव तिला. सावकाश उकलायला सांग, घाई केली की फोक एका बाजूला पळते.

तू लिहिलंस की त्या रविवारी बोलायला नको होतं, त्याबद्दल तुला वाईट वाटतं. वाटू दे थोडं. पण हेही ऐक. तू थट्टा केलीस म्हणून पुढे कुणाला खरं वाटलंच नाही. खिडकीवर घोंगडी दिसली तरी लोक म्हणायचे, लेनोराची गोष्ट आठवते का, आणि हसून पुढे जायचे. तुझे भाऊजी महिन्याभरात विसरले होते. म्हणायचे, पत्र टाक तिला. टाकलं नाही ते मी.

टोपली दहा दिवस आधी झाली. तळाला कच्चं कातडं, काठाला तुतीची काडी, दोन काळे पट्टे. पत्र्याच्या घुंगरांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, काय करावं असा विचार करत होते. एक दिवस भोंगा वाजला, मी आत गेले, बाहेर आले तर कुंपणाच्या खांबावर एक पिशवी. कॉफीच्या डब्याची घुंगरं, नीट वळलेली, कडा घासलेल्या. बिनघुंगरांची झालर बघून व्हर्नानं त्याला सांगितलं असणार. जावई आणि मी एकमेकांशी शब्द बोलत नाही, पण त्याच्यासारखा जावई मिळाला नसता मला.

नाचाच्या सकाळी धुकं होतं, मग ऊन आलं. ट्विला पूर्वेकडे तोंड करून हरणाच्या कातड्यावर उभी राहिली. कपाळावर शिंपला, हातात काठी. पहिल्या गाण्यांत ती घाबरून सारखी व्हर्नाकडे बघत होती. धर्माची आई कानाशी काहीतरी बोलली, मग नाही बघितलं. दुपारपर्यंत तिचे पाय आपोआप पडत होते. मका आणि गोळ्या ओतायची वेळ आली. म्हाताऱ्यानं टोपली उचलली, झालर वाजली, आणि त्यानं ती तिच्या डोक्यावर ओतली. गोळ्या सगळीकडे उडाल्या, पोरं अंगावर धावली, वन्संसुद्धा गुडघ्यावर बसून वेचत होत्या आणि एका पोराला कोपर मारून बाजूला करत होत्या. ट्विला हलली नाही. डोळे मिटून उभी होती, केसांत मका, आणि हसत होती. पोर धडधाकट होती.

शेवटच्या दिवशी तिला पराग आणि माती माखली, ती पिवळी झाली, आणि लोक तिच्यापुढे रांगेत उभे राहिले. या चार दिवसांत तिच्या हाताला गुण असतो. बायकांनी लेकरं आणली, एकानं मोडलेला पाय पुढे केला. मीही रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा तिनं मला वेगळं काही दाखवलं नाही. सगळ्यांना विचारत होती तसंच विचारलं, "कुठं दुखतंय?"

मी छातीवर बोट ठेवलं. तिनं तिथं हात ठेवला. हात गरम होता, चार दिवस नाचलेल्या पोरीचा. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं वाटलं का आजी?"

चौदा वर्षांची आहे. तिच्याशी मी कधीमधी खोटं बोलते, सगळ्याच आज्या बोलतात. पण त्या दिवशी तिच्यापुढे कुणी खोटं बोलत नाही, आणि मागं गर्दी उभी होती, विचार करायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "वाटलं."

ते खरं होतं, लेनोरा. घरी येईपर्यंत मी ते तपासून बघत होते. खरंच होतं.

इथं सगळे बरे आहेत. मलाही त्यांच्यात धर.

तुझी बहीण
इमोजीन